हा अंगठा कोणाचा?

निनाद तासगावकरनं आयुष्यात एकच व्यसन केलं, आणि तेही धड केलं नाही. तो व्हिडिओ गेम विकत घ्यायचा, खेळायचा मात्र नाही. दिवाळीची सवलत लागली, घे. पाडव्याची लागली, घे. कुठल्याशा कंपनीचा वाढदिवस असला तरी घे. असं करता करता त्याच्या खात्यात चारशेच्या वर गेम साठले होते आणि त्यांतले बहुतेक एकदाही उघडलेले नव्हते. दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आले तेव्हा दात गेले, अशी त्याच्या पिढीची गत. पंचेचाळिशीतल्या पुरुषांची ती एक जातच तेव्हा तयार झाली होती, आणि सांगलीत तिला काही तोटा नव्हता.

"लोणचं निदान मुरतं तरी," मृण्मयी म्हणायची. "तुझे हे गेम नुसतेच पडलेत."

मृण्मयी त्याची बायको. विश्रामबागेत तिचं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. तो दूध संघाच्या शीतगृहावर देखरेख करायचा. त्यांची ओळख झाली तीच मुळी त्याच्या डाव्या अंगठ्यामुळे. कॉलेजात झेल घेताना मोडलेला, हाडवैद्यानं वाकडा बसवलेला तो अंगठा पुढे फार दुखायला लागला, म्हणून तो तिच्याकडे गेला. अंगठा काही सरळ झाला नाही, लग्न तेवढं झालं. मूलबाळ नव्हतं, त्याचं दुःख दोघांनी मिळून केव्हाच करून संपवलं होतं. घर कसं शांत होतं. इतकं शांत, की काहीतरी राहून गेलंय असं वाटावं.

अशा घरात 'खेळगडी' आला.

खेळगडी म्हणजे पोळीच्या डब्याएवढं एक यंत्र. त्यामागचं शास्त्र फार अवघड नव्हतं. प्रत्येकाचं अक्षर जसं वेगळं, तसं प्रत्येकाचं खेळणंही वेगळं असतं, हे संशोधकांना आधी दवाखान्यात कळलं होतं. हाताला कंप सुटायच्या कितीतरी आधी माणूस गेम वेगळ्या तऱ्हेनं खेळायला लागतो, म्हणून कंपवाताची चाहूल घ्यायला ते रुग्णांना गेम खेळायला द्यायचे. वळणावर अंगठा किती रेंगाळतो, धोका दिसल्यावर बोट आधी पुढे जातं की मागे, रिकाम्या खोलीतही डोकावून बघावंसं वाटतं की नाही, अशा हजारो बारीक सवयी जमवल्या, की त्या माणसाच्या हाताचा नमुना तयार होतो. मग कोणीतरी डोकं लढवलं. नमुना आहे, तर त्याच्याकडूनच खेळून का घेऊ नये? तुमच्या खात्यात वर्षानुवर्षं साठलेल्या खेळण्याच्या नोंदी खेळगडी वाचायचा, तुमचा हात शिकायचा आणि तुमचे पडून राहिलेले गेम तुमच्यासारखेच खेळून टाकायचा. गेम संपला की पाऊण तासाचा चित्रपट करून द्यायचा. तुम्ही खेळला असतात तर काय झालं असतं, ते त्यात दिसायचं.

निनाद हरखून गेला. वीस वर्षांचं ओझं उतरायला लागलं. संध्याकाळी जेवताना तो मृण्मयीला गोष्टी सांगायचा, "आज मी बर्फातला टपाल्या होतो," किंवा, "आज मी मंगळावर कांदे लावले." ती आमटी वाढता वाढता हं हं करायची. खेळणारा हा नव्हेच, हे दोघांनाही माहीत होतं, पण तीर्थाला जाऊन आलेल्याच्या पाया पडूनही थोडं पुण्य लागतंच की.

पहिली पाल चुकचुकली ती या टपाल्याच्याच चित्रपटात. टपाल्या आपल्या म्हाताऱ्या आत्याबरोबर एका झोपडीत राहत असतो. एके पहाटे तो उठतो, थैली उचलतो आणि निघून जातो. आत्या आतल्या खोलीत झोपलेली. पडद्यावर 'निरोप घ्या' असं स्वच्छ दिसत होतं. खेळगडीनं ते दाबलंच नाही.

निनादला ते खटकलं, पण त्यानं सोडून दिलं. मग बेटांच्या गेममध्ये कोळ्यानं घरच्यांना न सांगता होडी सोडली. मंगळावरच्या मळ्यातून तो सोबतिणीला झोपेत ठेवून गाडी घेऊन गेला. हा तिसरा चित्रपट मृण्मयीनंही शेजारी बसून पाहिला.

"सांगून जायची सोय होती ना?" तिनं विचारलं.

"होती."

"मग?"

"मग काय, यंत्रानं नाही सांगितलं."

"यंत्रानं नाही," मृण्मयी म्हणाली. "तू."

निनाद हसला. ती हसली नाही. पण तिनं तो विषय तिथंच सोडला. मृण्मयीनं सोडलेला विषय खाली पडत नसे. ती तो पर्समध्ये घालून ठेवायची आणि वेळ आली की काढायची.

त्यानंतर ती रोज चित्रपट पाहायला बसू लागली. निनादला आधी बरं वाटलं, मग वाटेनासं झालं. कारण जिथे जिथे म्हणून घर होतं, तिथून तिथून पडद्यावरचा निनाद पळत होता. राजवाड्यातून, जहाजातून, सर्कशीच्या तंबूतून, एकदा तर चक्क मुंग्यांच्या वारुळातून. भांडण नाही, तंटा नाही. सगळं गोडीगुलाबीत चाललेलं असताना हा पहाटे उठायचा, आणि चाललाच.

"तुला इथे काही कमी आहे का रे?" एकदा चहा गाळताना तिनं विचारलं.

"काय कमी असणार?"

"मला काय माहीत? त्या मुंगीला तरी काय कमी होतं?"

आता संशयाचं असं असतं, की त्याला खायला लागतं, आणि घरात शोधलं तर खाद्य सापडतंच. निनादनं माळ्यावरची बॅग चेन तपासायला खाली काढली होती, ती तिला दिसली. दूध संघ त्याला चार दिवस आणंदला पाठवणार होता. ते तो सांगायचं विसरला आणि आदल्या दिवशी सांगितलं.

"उद्या?" मृण्मयी म्हणाली. "आणि हे मला आज सांगतोयस?"

"अगं, विसरलो."

"निरोप घ्यायचं बटण होतं ना समोर?"

आणंदहून त्यानं दिवसातून तीनतीनदा फोन केले. एरवी एकदाही न करणारा नवरा इतके फोन करायला लागला, तर कुठल्या बायकोला बरं वाटेल? ती जास्तच सावध झाली.

खरी गंमत पुढेच आहे. निनादला स्वतःचाच संशय यायला लागला. सकाळी फिरायला जाताना बसस्थानकापाशी आपली पावलं मंदावतात का, याच्यावर तो पाळत ठेवू लागला. मृण्मयी झोपलेली असताना तिच्याकडे बघून, आपल्याला हिला सोडून जावंसं वाटतंय का, असं तो स्वतःला विचारायचा. नाही, असंच उत्तर यायचं. पण चोराला विचारलं, तर तो तरी दुसरं काय सांगणार? यंत्र शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा बरोबर असतं, असं खोक्यावरच छापलेलं होतं. उरलेल्या तिनांत आपण बसतो, असं छातीठोकपणे कोणी म्हणावं?

त्यानं कंपनीला फोन केला. पलीकडचा आवाज लोण्यासारखा मऊ होता.

"सर, खेळगडी तुमच्या मनातलं सांगत नाही," आवाज म्हणाला. "फक्त हातातलं सांगतो."

यानं निनादचं समाधान काय होणार?

त्या रविवारी सकाळी मृण्मयीनं पोह्यांची बशी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "मला तो चित्रपट नको. तो कापलेला असतो. मला अख्खं खेळणं दाखव. तू निघून जाताना काय करतोस, ते मला बघायचंय."

अख्ख्या नोंदीत पडद्याच्या कोपऱ्यात दोन बारीक वर्तुळं दिसायची. कंट्रोलरवरचे दोन्ही अंगठे कुठे, किती वळतायत, ते त्यांत कळायचं. निनाद गोष्टीकडे बघत होता. मृण्मयी मात्र, दहा वर्षं हातच दुरुस्त करणारी बाई, त्या वर्तुळांकडे बघायला लागली. पोहे निवले. तिनं चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा चालवलं.

"हात दे," ती म्हणाली.

त्यानं डावा हात दिला. तिनं त्याचा अंगठा धरून वर आणि बाहेर असा फिरवला. अर्ध्या वाटेवर तो नेहमीसारखा अडला आणि निनाद कळवळला.

"हे बघ," ती पडद्याकडे बोट करून म्हणाली. "डावं वर्तुळ कसं लोण्यातून फिरतंय. आणि उजवं मात्र अडखळतंय. हे डावखुऱ्या माणसाचं काम आहे. निनाद, हा अंगठा तुझा नाही."

केवढं ओझं उतरलं त्याच्या छातीवरून! त्याला टाळी वाजवावीशी वाटली. "म्हणजे मी पळून जात नाही! मी तुला सांगत होतो—"

"थांब," ती म्हणाली. "तुझा नाही. मग कोणाचा?"

निनादनं टाळीसाठी उचललेले हात खाली घेतले.

"तुझ्या खात्यावर दुसरं कोणीतरी खेळतं. इतकं खेळतं, की यंत्राला तुझ्यापेक्षा त्याच माणसाचा हात पाठ झालाय. पासवर्ड कोणाला दिलायस?"

"कोणालाच नाही."

"बाई आहे?"

"अगं, कसली बाई!"

"तुझा चेहरा सांगतोय, तुला माहितीये."

त्याला माहीत होतं. अंगठ्याचं तिनं म्हटलं त्याच क्षणी कळलं होतं. पण तेवीस वर्षं जे नाव तोंडातून काढलं नव्हतं, ते पोह्यांच्या बशीसमोर कसं काढायचं? तो म्हणाला, "नाही माहीत." आणि संशय होता तिथंच राहिला, फक्त आता त्याला अंगठा फुटला होता.

खेळगडीवाल्यांचं कार्यालय पुण्यात होतं. पुढच्या शनिवारी बिनचालकाच्या बसनं दोघं गेले. वाटेत मृण्मयी खिडकीबाहेर बघत होती आणि निनाद तिच्या खांद्याकडे. तिथे तेजल वाघचौरे नावाची इंजिनीअर भेटली. तिनं नोंदी पडद्यावर घेतल्या आणि मान हलवली, बिघाड नेहमीचाच असल्यासारखी.

"तुमच्या खात्यात दोन हात आहेत, सर," ती म्हणाली. "हा प्रकार बाहेरच्या देशांत फारसा होत नाही. आपल्याकडे हमखास होतो. एक घर, एक खातं. थोरल्याच्या नावावर उघडायचं आणि सगळ्यांनी त्यावर खेळायचं. आत्येभाऊ, मामेभाऊ, शेजारचा गण्या. यंत्राला वाटतं, हा सगळा एकच माणूस."

"पण मीही खेळलोय की लहानपणी," निनाद म्हणाला.

"तुम्ही फार थोडं खेळलायत. मुख्यतः विकत घेतलंय. खेळलंय ते दुसऱ्या हातानं. आणि हा हात नंतर सांगलीतून खेळत नाही. देहरादूनहून खेळतो, पुढे कुठून कुठून. नऊएक वर्षांपूर्वी थांबला." ती थोडी घुटमळली. "चोरी असेल, तर आम्हाला तो हात पुसून टाकता येतो. एकदा पुसला की परत मिळत नाही. तुमचं खातं स्वच्छ होईल आणि खेळगडी फक्त तुमच्यासारखा खेळेल. पुसू?"

"पुसा," मृण्मयी म्हणाली.

"नको," निनाद म्हणाला.

मृण्मयी वळली. तेजलबाई फार समंजस. त्यांनी लगेच उठून चहा सांगायला जाते म्हटलं.

"निनाद," मृण्मयी अगदी हळू म्हणाली, "देहरादूनला कोण आहे?"

"नूपुर," तो म्हणाला.

मृण्मयीला एवढंच माहीत होतं, की नवऱ्याला एक धाकटी बहीण होती, ती घर सोडून गेली आणि तिचं नाव काढायचं नाही. लग्न ठरतानाच सासऱ्यांनी तसं सांगितलं होतं. नव्या सुनेनं ऐकलं, आणि मग ते घराच्या भिंतीसारखं होऊन गेलं. सासरे गेले, तरी भिंत तशीच राहिली.

"ती डावखुरी होती?"

"आई तिचा डावा हात बांधून ठेवायची जेवताना. पण संगणकापाशी कोण बांधणार?"

तेजलनं दोन्ही हात वेगळे करून दिले. आठवड्याभरात कळवा, म्हणाली, ठेवायचं की पुसायचं.

घरी आल्यावर त्यांनी एकच गेम दोन्ही हातांकडून खेळून घेतला. साधा गेम होता. डोंगरावर एक घर, घरात दोन माणसं. खेळणारा त्यांतला एक, आणि काही दिवसांनी दोघांपैकी एकानं घर सोडायचं. खेळणाऱ्यानं सोडलं नाही, तर दुसरा सोडतो. एवढीच गोष्ट. चित्रपट नाही, अख्खी नोंद पाहायची असं मृण्मयीनं आधीच बजावलं होतं.

आधी नूपुरचा हात. पहाट झाली, उठला, निघाला, निरोप नाही. मृण्मयीनं उसासा टाकला. पण नोंद संपली नव्हती. तो हात दऱ्या उतरला, नदी ओलांडली, बर्फावर चढला, पाहायचं ते सगळं पाहिलं, आणि मग मागे फिरला. पुन्हा नदी, पुन्हा दऱ्या. त्याच घराच्या दारासमोर येऊन उभा राहिला. 'दार वाजवा' असं बटण समोर दिसत होतं. हात ते दाबत नव्हता. नुसता उभा होता. गेममध्ये संध्याकाळ झाली, चांदण्या आल्या, आणि तो उभाच.

"हे चित्रपटात नव्हतं," मृण्मयी म्हणाली.

"काही घडत नाही ना. असला भाग यंत्र कापून टाकतं."

तिनं टपाल्याची नोंद लावली. मंगळाची लावली. कोळ्याची लावली. सगळीकडे तेच. सगळ्यांनी घर सोडलं होतं हे खरं, पण सगळे परत आले होते आणि दारात उभे होते. ते उभं राहणं तेवढं कोणी पाहिलं नव्हतं.

मग निनादचा हात. तो थोडा धडपडत, थोडा रेंगाळत घरात वावरला. लाकडं रचली, पाणी भरलं, जमवण्यासारखं जे दिसलं ते सगळं जमवलं. ते बघून मृण्मयीला हसू आलं. "हा मात्र तूच," ती म्हणाली. घर सोडून जायचा विचारही त्या हाताच्या मनात आला नाही. तिची मान हळूहळू सैल झाली. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग गेमच्या नियमाप्रमाणे सोबतीण निघून गेली. हातानं थोडी वाट पाहिली. शोधायला बाहेर पडायची वाट मोकळी होती. तो बाहेर पडला नाही. उठला, आणि आतून दाराला कडी लावली.

मृण्मयीचा हात गुडघ्यावर होता तसाच राहिला.

निनादच बोलला. बोलला म्हणजे, सांडला.

"तिची सुपारी फुटायची होती त्या दिवशी. तिला देहरादूनला जायचं होतं, हिमनद्यांचा अभ्यास करायला. बाबा म्हणाले, लग्नानंतर बघू. सकाळी सगळे उठलो तर ही नाही. बाबांनी मला सांगितलं, दाराला कडी लाव, आता हे दार तिला बंद. मी लावली. चोवीस वर्षांचा घोडा होतो मी, आणि लावली."

"लावलीस. बाबांनी सांगितलं म्हणून."

"पुढचं ऐक. दोन वर्षांनी ती आली होती. मी वर गॅलरीत होतो. ती फाटकातून आत आली आणि दारात उभी राहिली. बेल वाजवली नाही. बाबा खाली पेपर वाचत होते. मी वाट बघत राहिलो, की ती बेल वाजवेल, मग बाबा बोलतील, मग मी उतरेन. खूप वेळ उभी होती गं. मग गेली. आणि मला काय वाटलं माहितीये? बरं वाटलं. भांडण टळलं म्हणून बरं वाटलं."

तो रडत होता. मृण्मयीनं त्याला रडू दिलं. तिला राग आला होता आणि दयाही आली होती. तिनं दोन्ही तसंच सांगितलं. "मला तुझा राग आलाय," ती म्हणाली. "मी महिनाभर घाबरले, की तू सोडून जाशील. तू जाणारा नाहीसच. पण मी गेले असते तर तू कडी लावली असतीस."

निनादनं पडद्यावरची ती कडी लावलेली नोंद बंद केली.

"पासवर्ड का नाही बदललास?" तिनं शेवटी विचारलं. "इतकी वर्षं?"

"आळस," तो म्हणाला. मग डोळे पुसून म्हणाला, "नाही. कधीतरी एखादा गेम कोणीतरी अर्धा खेळलेला दिसायचा. मला संशय होता. मी कधी बघितलं नाही नीट. बघितलं असतं, तर काहीतरी करावं लागलं असतं."

ते सगळे गेम तो कोणासाठी घेत होता, हेही मग त्याला उमगलं, पण ते त्यानं तोंडानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. तेजलला मात्र, पुसू नका, असं त्यानं त्याच रात्री कळवलं.

चारशेंतला एक गेम मात्र तसाच पडून होता. खेळगडीनं तो नुसता उघडून बाजूला ठेवला होता, कारण त्याला दोन माणसं लागत होती. नूपुर जायच्या आदल्याच दिवाळीत दोघांनी मिळून तो घेतला होता, परीक्षा झाली की खेळू म्हणून. निनादनं तो उघडला. पहिल्याच पडद्यावर एक गढी, पुढे तुटक्या पायऱ्या आणि खाली खंदक. एकानं आतून दाराची कळ दाबून धरायची. धरली आहे तोवरच दार उघडं राहतं. दुसऱ्यानं तेवढ्यात पायऱ्या चढून आत यायचं.

नूपुरचा नंबर मावशीकडे होता. तो सगळ्यांकडेच होता, एकट्या निनादकडे नव्हता. त्यानं तो मागून घेतला, पण फोन करायचं धाडस होईना. शेवटी त्या नंबरवर गेमचं आमंत्रण तेवढं पाठवलं. खाली लिहिलं, 'रविवारी सकाळी. खेळशील?' उत्तर आलं नाही.

रविवारी सकाळी तो कंट्रोलर घेऊन बसला. मृण्मयी शेजारी. पडद्यावर अक्षरं आली, 'दुसरा खेळाडू नाही. खेळगडीला खेळू द्यायचं का?' निनादनं नको दाबलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. पुन्हा नको. यंत्र मोठं लोचट होतं.

मग काही न विचारता दुसरा खेळाडू पायऱ्यांशी येऊन उभा राहिला.

मृण्मयी पुढे सरकली. "थांब," ती पुटपुटली. "तिचा हात यंत्राला पाठ आहे. हे यंत्रच घुसलं असेल."

"मी नको म्हटलंय."

"ते ऐकतंच कशावरून?"

हे खरं होतं. महिनाभर ज्या यंत्रानं त्याला त्याच्याच घरात परका केलं होतं, त्याच्यावर आता कसा विश्वास ठेवायचा? दुसऱ्या खेळाडूची बाहुली दाराकडे तोंड करून उभी होती, नोंदीतल्यासारखीच नुसती उभी. निनादनं कळ दाबली. दार उघडलं. ती कळ डाव्या अंगठ्याची होती, आणि अंगठा लगेच ठणकायला लागला.

बाहुलीनं पहिल्या पायरीवर उडी मारली आणि सरळ खंदकात पडली.

परत आली. परत उडी मारली, परत पडली. तिसऱ्यांदा ती भिंतीवर आपटली, गोल फिरली, कारण नसताना खाली बसली आणि बसल्या बसल्या खंदकात घसरली. मृण्मयी डोळे बारीक करून बघत होती. मग तिच्या चेहऱ्यावरचा संशय, जो महिनाभर मुक्कामाला होता, एकदम उठून गेला.

"निनाद," ती म्हणाली, "यंत्राला इतकं वाईट खेळता येत नाही."

त्याच वेळी स्पीकर खरखरला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग एक बाईचा आवाज, जाडसर, थोडा दमलेला. तेवीस वर्षांनी तो बदलला होता, पण हेल मेला अजून सांगलीचाच होता.

"दादा, सगळं विसरलेय रे मी. उडीचं बटण कुठलं?"

अंगठ्यातून कळ थेट मनगटात गेली होती. मृण्मयीनं हात पुढे केला, मी धरते म्हणून. त्यानं मान हलवली.

"खालचं," तो म्हणाला. "उजवीकडचं खालचं. घाई करू नकोस. मी दार धरून ठेवलंय."